जनावराचा चारा आणि माणसाचे पथ्य

मांसाहार पथ्यकर की अपथ्यकर, या प्रश्नावर पाश्चात्त्य देशांत गेली साठ-सत्तर वर्षे जो वाद अखंड चालू आहे, त्यात दोन्ही पक्ष एक गोष्ट बहुधा गृहीत धरून चालतात. ती ही की, गोमांस हा ठरीव गुणधर्मांचा एकच एक पदार्थ असून तो खावा की वर्जावा, एवढाच काय तो निर्णय करावयाचा उरला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या जनावराने जन्मभर कुरणातले ओले गवत चरले, आणि ज्याला अखेरचे चार-सहा महिने एका जागी कोंडून मक्याच्या भरड्यावर पोसले, त्या दोहोंच्या मांसातील चरबीची घडण, तिचा रंग आणि तिच्यातील जीवनसत्त्वे यांत भेद पडतो. आणि त्या मांसाबरोबर स्वयंपाकघरात शिरणाऱ्या रोगजंतूंचा प्रश्नही जनावराच्या आहाराशी निगडित आहे. हा भेद घडवून आणण्याचे काम मुख्यतः जनावराच्या पोटात वस्ती करून राहिलेली अदृश्य जीवसृष्टी करीत असते, आणि तिच्या कारभाराची माहिती करून घेतल्यावाचून आहाराविषयीचा आपला निवाडा अपुराच राहणार.

महाराष्ट्रातील बहुसंख्य वाचकांच्या ताटात गोमांस येत नाही, हे मला ठाऊक आहे. तथापि ज्या यंत्रणेतून अमेरिकेतील किंवा अर्जेंटिनातील मांस सिद्ध होते, तिच्यातूनच आपले दूध, दही, लोणी आणि तूप सिद्ध होते. शेळी-मेंढीच्या मटणालाही तोच नियम लागू आहे. तेव्हा विषयाचे मूळ परदेशी असले, तरी त्याचे मर्म आपल्या गोठ्यापासून दूर नाही.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि आपल्याकडील पशुवैद्य त्यांना कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट अशी नावे देतात. यांपैकी पहिले, म्हणजे कोटीपोट, थोराड गाईच्या ठायी शंभर-दीडशे लिटरांचे असते. संशोधनासाठी काही जनावरांच्या डाव्या कुशीत शस्त्रक्रियेने एक वाटोळे द्वार करून त्यावर रबराचे झाकण बसवितात. जखम भरून आली की अशा जनावराचे खाणेपिणे आणि रवंथ पूर्ववत चालू राहते. ते झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घातला म्हणजे प्रथम लागतो तो नुकत्याच खाल्लेल्या वैरणीचा तरंगता, दाट थर. त्याच्याखाली हिरवट-करडा द्रव. ऊब आपल्या अंगापेक्षा किंचित अधिक, सुमारे ३९ अंश. आणि वास आंबूस. त्या द्रवाचा एक थेंब उबदार काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर अंगभर लव असलेले एकपेशीय प्राणिजीव सैरावैरा धावताना दिसतात, गवताच्या तंतूंना चिकटलेले जिवाणूंचे पुंजके दिसतात, आणि क्षणभर तरी पाहणाऱ्याला असे वाटते की हे पोट नसून एखादे गजबजलेले सरोवरच आहे. एका मिलिलिटर द्रवात जिवाणूंची संख्या हजार कोटींच्या घरात जाते आणि प्राणिजीवांची लाख ते दहा लाखांपर्यंत. ही सर्व वस्ती प्राणवायूवाचून जगणारी आहे.

या वस्तीचा शोध एका दिवसात लागलेला नाही. १८४३ मध्ये डेव्हिड ग्रुबी आणि ओनेसिम देलाफाँ या दोन संशोधकांनी फ्रान्समध्ये हे प्राणिजीव प्रथम पाहिले. परंतु ते तेथे करतात काय, याचा उलगडा व्हावयास पुढचे शतक उजाडावे लागले. प्राणवायूचा स्पर्श होताच मरणाऱ्या या जिवाणूंना प्रयोगशाळेत वाढवावयाचे कसे, ही मोठी अडचण होती. ती अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी आपल्या विशिष्ट नळीच्या पद्धतीने दूर केली, आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने या शास्त्राचा पाया पक्का केला. १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी असे दाखवून दिले की, ज्यांना तोवर प्राणिजीव समजण्यात येत होते, त्यांतील काही वस्तुतः बुरशीचे पोहणारे बीजकण आहेत. प्राणवायूवाचून जगणारी बुरशी असू शकते, हेच तोपर्यंत कोणास संभवनीय वाटत नव्हते.

गाय गवत खाते असे आपण सहज बोलून जातो, पण गवतातील काष्ठतंतू पचविण्याची शक्ती गाईच्या स्वतःच्या पाचकरसांत नाही. ते काम कोटीपोटातील सूक्ष्मजीव करतात. ते तंतू फोडून आंबवितात आणि त्यातून अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले निपजतात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के वाटा या आम्लांचा असतो. पुढे हे सूक्ष्मजीव स्वतःच द्रवाबरोबर वाहत खऱ्या पोटात जातात, तेथे पचतात, आणि गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग त्यांच्याच देहांतून येतो. सारांश, आपण वैरण घालतो ती सूक्ष्मजीवांना, आणि गाय पोसली जाते ती सूक्ष्मजीवांवर. या एका वाक्यात या लेखाचे सगळे प्रतिपादन साठविलेले आहे. पुढे जे सांगावयाचे आहे, ते त्याचा विस्तार होय.

जीवनसत्त्व बी-१२ चे उदाहरण घ्यावे. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती निर्माण करीत नाही आणि कोणताही प्राणी निर्माण करीत नाही. ते घडविण्याची कला सूक्ष्मजीवांपाशीच आहे, आणि त्यासाठी त्यांना कोबाल्ट हा धातू अत्यल्प प्रमाणात का होईना, पण लागतोच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील काही मुलखांत हिरवीगार कुरणे असूनही गुरे-मेंढरे झुरून मरत असत, आणि याचे कारण कोणास उमगत नव्हते. १९३५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले की, तेथील जमिनीत, आणि म्हणून गवतात, कोबाल्ट नाही. ते चिमूटभर देताच जनावरे सावरली. १९४८ मध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात हाती आले आणि त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट आढळला, तेव्हा या कोड्याची उकल झाली. माती, गवत, सूक्ष्मजीव, जनावर आणि माणूस अशी ही सलग साखळी आहे, आणि तिचे शेवटचे टोक आपल्या घरापर्यंत पोहोचते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी गर्भवती स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात बहुसंख्य मातांच्या रक्तात बी-१२ कमी असल्याचे आढळून आले. शाकाहारी कुटुंबात या जीवनसत्त्वाचा नैसर्गिक आधार म्हणजे दूध आणि दुधाचे पदार्थ. म्हणजेच, पर्यायाने, कोटीपोटातील जिवाणू.

चारा तोच असूनही एका मुलखात तो अन्न ठरतो आणि दुसऱ्या मुलखात विष ठरतो, याचा दाखला सुबाभळीने दिला. हे झाड महाराष्ट्राला नवे नाही. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बायफ’ संस्थेने सत्तरच्या दशकात त्याचा हिरीरीने प्रसार केला, आणि बांधावरची सुबाभूळ पुष्कळ शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली. तिच्या पाल्यात प्रथिने भरपूर असतात. पण मायमोसिन नावाचे एक विषारी द्रव्यही असते. ऑस्ट्रेलियात हा पाला अधिक प्रमाणात खाणाऱ्या गुरांचे केस झडत, गळ्यातील ग्रंथी सुजे आणि वजन घटे. हवाई बेटावरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन खुशाल राहत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने ओळखले की फरक शेळ्यांत नसून त्यांच्या कोटीपोटातील वस्तीत आहे. आपण घरी विरजणाचा एक चमचा घालून पातेलेभर दूध लावतो, त्याप्रमाणे त्यांनी हवाईतील शेळ्यांच्या कोटीपोटातील द्रव आणून ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तो ऑस्ट्रेलियातील जनावरांना पाजला, आणि त्या विषाचा पाडाव करणारे जिवाणू तेथील गुरांत पसरत गेले. १९९२ मध्ये या जिवाणूचे नामकरण झाले, तेव्हा त्याला जोन्स यांचेच नाव जोडण्यात आले.

आता चरबीकडे वळू, कारण गोमांसाविषयीचा वाद मुख्यतः तिच्याभोवती फिरतो. हिरव्या पानात तेल दिसत नाही, पण त्याच्या हरितकणांच्या पातळ पडद्यांत मेदाम्ले असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-३ वर्गातील मूळ आम्लाचा असतो. मक्यासारख्या धान्यात ओमेगा-६ वर्गातील लिनोलेइक आम्लाचे प्राबल्य असते. ही दोन्ही असंपृक्त आम्ले कोटीपोटातील पुष्कळ जिवाणूंना अपायकारक ठरतात. म्हणून ते त्यांना हायड्रोजन जोडून संपृक्त करून टाकतात, आणि गवत खाणाऱ्या जनावराची चरबी गवतातील मेदासारखी पातळ न राहता घट्ट होते, त्याचे कारण हेच. परंतु हे काम पुरते तडीस जात नाही. काही आम्ले मूळ स्वरूपातच निसटून जातात. काही अर्ध्या वाटेवर, व्हॅक्सेनिक आणि रुमेनिक या नावाच्या अवस्थांत, बाहेर पडतात आणि मांसात व दुधात उतरतात. कोटीपोटातून आलेल्या व्हॅक्सेनिक आम्लाचे रुमेनिक आम्लात रूपांतर करण्याचे सामर्थ्य जनावराच्या ऊतकांतही असते.

या रुमेनिक आम्लाच्या शोधाची कथा उद्बोधक आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील मायकेल परिझा हे सत्तरच्या दशकाअखेरीस भाजलेल्या गोमांसात कर्करोगकारक द्रव्ये कोणती निर्माण होतात, याचा शोध घेत होते. त्या शोधात त्यांना उलट गुणाचे, म्हणजे अशा द्रव्यांना आवर घालणारे काहीतरी हाती लागले, आणि १९८७ मध्ये त्यांनी ते लिनोलेइक आम्लाचेच एक बदललेले रूप असल्याचे जाहीर केले. उंदरांच्या त्वचेवरील प्रयोगांत त्याने अर्बुदांची वाढ रोखली. माणसाच्या बाबतीत तितका निःसंशय लाभ मात्र दिसून आलेला नाही, आणि हे सांगितल्यावाचून पुढे जाणे वाचकांवर अन्याय करण्यासारखे होईल. हायड्रोजन जोडण्याची हीच क्रिया कारखान्यात धातूच्या साहाय्याने करून वनस्पती तूप बनविले जाते. परंतु तेथे निपजणाऱ्या ट्रान्स मेदाम्लांची घडण वेगळी असून त्यांचा हृदयाला होणारा अपाय इतका स्पष्टपणे सिद्ध झाला आहे की, भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या जानेवारीपासून खाद्यतेलांतील व वनस्पती तुपातील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांवर मर्यादित केले.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील पशुपालनाचा पालट पाहावा. दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित बियाणे, रासायनिक खत आणि भूगर्भातील पाण्याचे सिंचन यांच्या बळावर नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सस या मैदानी राज्यांत मका आणि ज्वारीचे पीक इतके अमाप आणि स्वस्त झाले की, ते जनावरांना घालून त्यांना लवकर लठ्ठ करण्यातच व्यापाराचे हित दिसू लागले. वासरू जन्मानंतर काही महिने आईबरोबर कुरणात राहते, त्यानंतरही काही काळ चरते; पण अखेरचे चार-सहा महिने त्याला हजारोंच्या कळपात, बंदिस्त आवारात, जवळजवळ सगळा धान्याचाच खुराक मिळतो. तेथील सरकारी प्रतवारीही, जिचा आरंभ १९२७ मध्ये झाला, मांसात विखुरलेल्या पांढऱ्या चरबीच्या रेषांवर आधारलेली आहे. तेव्हा ज्याची चरबी अधिक त्याचा दर्जा वरचा, असा दंडकच पडून गेला. गवतावरच्या जनावराची चरबी मात्र बीटा-कॅरोटीनमुळे पिवळसर असते आणि तिकडच्या ग्राहकाला तो रंग वयस्क जनावराचा वाटून तो ती नाकारीत असे. आपल्याकडे त्याच द्रव्यामुळे गाईचे तूप पिवळे दिसते आणि ते आपण मोठ्या आवडीने घेतो.

दोन प्रकारच्या मांसांची तुलना अनेकांनी केली. कॅलिफोर्नियातील सिंथिया डेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशा अभ्यासांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे परस्परप्रमाण गवतावरच्या मांसात सरासरी दीडास एक, तर धान्यावरच्या मांसात साडेसातास एक असे आढळले. गवतावरच्या मांसात रुमेनिक आम्ल, बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व अधिक, एकूण चरबी बहुधा कमी. आणि संपृक्त आम्लांतही रक्तातील कोलेस्टेरॉल न वाढविणाऱ्या स्टिअरिक आम्लाचा वाटा मोठा असतो. धान्याचा भर वाढला की कोटीपोटातील आम्लता वाढते, तंतू पचविणारे जिवाणू मागे हटतात, आणि हायड्रोजन जोडण्याची वाटच बदलून व्हॅक्सेनिक आम्लाच्या जागी निराळ्या घडणीची आम्ले तयार होऊ लागतात.

या बदललेल्या वाटेचा पुरावा पाहण्यासाठी अमेरिकेस जावयास नको. तो आपल्या गावच्या दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी मिळतो. उन्हाळ्यात वैरण संपते, कडब्याचा भाव कडाडतो, आणि शेतकरी दूध टिकविण्यासाठी आंबोण, भरडा आणि पेंड यांचा मारा वाढवितो. दूध थोडेफार वाढतेही. पण केंद्रावर यंत्रात नमुना घातला की पावतीवर फॅट साडेतीनच्या खाली उतरलेली दिसते आणि दर तुटतो. पुष्कळदा त्याला वाटते की यंत्र खोटे आहे. कॉर्नेल विद्यापीठातील डेल बाउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की, चारा कमी आणि धान्य अधिक झाले म्हणजे कोटीपोटात तयार होणारे एक विशिष्ट मेदाम्ल कासेत पोहोचून तेथील चरबीची निर्मितीच मंदावते. अशा गाईला पेंडीची आणखी एक पाटी घालण्यापेक्षा लांब कापलेल्या कोरड्या वैरणीची पेंढी घातली, तर ती सात-आठ तास रवंथ करील, दिवसाकाठी शंभर लिटरांहून अधिक लाळ गिळील, आणि त्या लाळेतील क्षार कोटीपोटातील आम्ल आपोआप शमवतील.

धान्याचा अतिरेक आणखी वाढला तर गोष्ट केवळ फॅटवर थांबत नाही. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू माजतात, कोटीपोटाचे अस्तर भाजल्यासारखे होते, आणि त्याच्या जखमांतून फ्युसोबॅक्टेरियम नावाचे जंतू रक्तावाटे यकृतात जाऊन गळवे करतात. मूळचे कर्नाटकातील आणि कॅन्सस राज्य विद्यापीठात दीर्घकाळ संशोधन केलेले टी. जी. नागराज यांनी या व्याधीचा सखोल अभ्यास केला आहे. अमेरिकेतील बंदिस्त आवारांत पोसून कापलेल्या जनावरांपैकी सुमारे १० ते २० टक्क्यांच्या यकृतांत अशी गळवे सापडत आली आहेत. ती टाळण्यासाठी खुराकात टायलोसिन हे प्रतिजैविक मिसळण्याची पद्धत पडली. चाऱ्यातील दोष औषधाने झाकण्याचा हा मार्ग मला अत्यंत घातक वाटतो. कारण प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू एकदा निर्माण झाले म्हणजे ते गोठ्याच्या कुंपणाआड राहत नाहीत, आणि त्याचे प्रायश्चित्त रुग्णालयातील निरपराध रोग्याला भोगावे लागते. युरोपीय संघाने २००६ च्या जानेवारीपासून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास मनाई केली. अमेरिकेने माणसाच्या उपचारांत महत्त्वाच्या असलेल्या औषधांपुरती तशी मनाई २०१७ पासून अमलात आणली. परंतु रोगप्रतिबंधाच्या नावाखाली, पशुवैद्याच्या चिठ्ठीने, ती औषधे खुराकात मिसळण्याची मुभा तेथे राहिलीच.

रोगजंतूंचा प्रश्न तर याहून उघड आहे. १९८२ मध्ये ऑरेगन आणि मिशिगन या राज्यांत हॅम्बर्गर खाल्लेल्या लोकांना रक्तातिसार झाला आणि त्यातून ई. कोलाय ओ-१५७ हा घातक जिवाणू प्रथम ओळखला गेला. १९९३ मध्ये पश्चिमेकडील राज्यांत अर्धवट भाजलेल्या खिम्यातून त्याने सातशेहून अधिक माणसांना ग्रासले आणि चार बालकांचा बळी घेतला. दुसऱ्याच वर्षी अमेरिकी सरकारने खिम्यातील या जिवाणूचे अस्तित्व हीच भेसळ ठरविली. हा जंतू गुरांच्या आतड्यात बिनबोभाट राहतो आणि त्यांना आजारी पाडीत नाही. १९९८ मध्ये कॉर्नेल येथील जेम्स रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रसिद्ध केले की, धान्यावरच्या गुरांच्या शेणात आम्लाला दाद न देणारे ई. कोलाय पुष्कळ असतात आणि केवळ पाच दिवस वाळले गवत घातल्याने ते झपाट्याने घटतात. आशा मोठी होती. परंतु पुढील अभ्यासांत ओ-१५७ हा विशिष्ट प्रकार इतक्या सरळपणे गवताला वश होत नाही, तो कुरणातल्या गुरांतही आढळतो, असे दिसून आले. म्हणून गवतावरचे मांस निर्धोक समजून ते कच्चे ठेवणे हा अविचार होय; खिमा आतपर्यंत ७१ अंशांवर शिजलाच पाहिजे, मग जनावराने काहीही खाल्लेले असो.

तर मग गवतावरच्या गोमांसाला आरोग्यदायी म्हणावे काय? येथे प्रमाणाचे भान ठेवले पाहिजे. शंभर ग्रॅम सामन या परदेशी माशात ओमेगा-३ सुमारे २ ग्रॅम असते. गवतावरच्या तितक्याच गोमांसात ते बहुधा १०० मिलिग्रॅमचा आकडाही गाठीत नाही. विदर्भातील घराघरांत होणाऱ्या जवसाच्या चटणीचे दोन चमचे घेतले, तर वनस्पतिजन्य ओमेगा-३ याच्या कितीतरी पट मिळते. त्याचे शरीरात माशातल्यासारख्या दीर्घ आम्लांत रूपांतर थोडेच होते, हे मान्य करूनही. शिवाय कुरणावर पूर्ण वाढलेल्या जनावराला अधिक काळ आणि अधिक जमीन लागते आणि त्या काळात ते मिथेन वायूही अधिक सोडते, हाही हिशेब चुकविता येत नाही.

त्यातच माणसाच्या पोटातही सूक्ष्मजीवांची एक वस्ती आहे, आणि अखेरचा शब्द तिचा असतो. क्लीव्हलंड येथील स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखविले की, तांबड्या मांसातील कार्निटिन या द्रव्यावर माणसाच्या आतड्यातील जिवाणू काम करतात आणि त्यातून पुढे यकृतात जे टी.एम.ए.ओ. नावाचे द्रव्य तयार होते, त्याचा संबंध रक्तवाहिन्यांच्या रोगाशी दिसतो. आणि नित्य मांस खाणाऱ्यांच्या शरीरात ते भरपूर तयार होते, तर कट्टर शाकाहारी मनुष्याने प्रयोगापुरते मांस खाल्ले तरी फारसे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला निश्चित कर्करोगकारकांत आणि तांबड्या मांसाला संभाव्य कर्करोगकारकांत गणले. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. गवत चरलेल्या जनावराचे म्हणून या निष्कर्षांतून सूट नाही. मांस किती खावे, हा प्रश्न ते कसे पोसले या प्रश्नाच्या आधी येतो.

आणि तरीही दुसरा प्रश्न गौण ठरत नाही. कारण त्याचे उत्तर एका खाणाऱ्याच्या प्रकृतीपुरते नसून सगळ्या समाजाच्या प्रकृतीविषयीचे आहे. चरबीतील चार मिलिग्रॅमांच्या फरकापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते ते हे की, ज्या जनावराला त्याच्या कोटीपोटास साजेसा चारा मिळतो, त्याला यकृताची गळवे क्वचितच होतात, त्याच्या खुराकात प्रतिजैविके कालवावी लागत नाहीत, आणि त्याचे दूध व मांस खाणाऱ्याला औषधांना न बधणाऱ्या जंतूंचे भय कमी राहते. आपल्याकडे अमेरिकेसारखी लाखो गुरांची बंदिस्त आवारे नाहीत, पण त्या दिशेने जाणारी पावले उमटू लागली आहेत: संकरित गाईंचे मोठे गोठे, विकतच्या खुराकावरची भिस्त, गायरानांवर झालेली अतिक्रमणे, आणि उन्हाळ्यात केवळ उसाच्या वाढ्यावर तगून राहणारी जनावरे. दुधाचा दर फॅट आणि एस.एन.एफ. (स्निग्धेतर घनपदार्थ) यांच्या आकड्यांवर ठरतो. ती फॅट कोणत्या चाऱ्यातून आली, तिच्यासाठी जनावराला काय भोगावे लागले आणि त्याला कोणती औषधे दिली, याची नोंद कोणत्याच पावतीवर होत नाही.

ती नोंद व्हावी असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. शेतकऱ्याने खुराक बदलावयाचा तर तो दोन आठवडे थोडा थोडा बदलावा, म्हणजे कोटीपोटातील वस्तीला जुळवून घेण्यास अवधी मिळेल. पावसाळ्यात मुबलक असलेला हिरवा चारा मुरघास करून ठेवावा, म्हणजे वैशाखात पेंडीवर सगळा भार पडणार नाही. दूध संघांनी फॅटबरोबर प्रतिजैविकांच्या अंशाचीही नियमाने तपासणी करावी आणि निर्दोष दुधाला वाढीव दर द्यावा. ग्रामपंचायतींनी गायराने मोजून, मोकळी करून, त्यांवर गवताची लागवड करावी. आणि शासनाने चाऱ्याची तरतूद ही केवळ दुष्काळात छावण्या उघडण्यापुरती, पशुसंवर्धन खात्याच्या दप्तरातील बाब न मानता, पिण्याच्या पाण्याप्रमाणे सार्वजनिक आरोग्याचा एक कायमचा विषय मानावा. कारण गव्हाणीत जे पडते तेच काही काळाने, रूप पालटून, आपल्या मुलांच्या पेल्यात आणि ताटात येत असते, आणि त्याची जबाबदारी एकट्या जनावराच्या धन्यावर टाकून समाजाला हात झटकता येणार नाहीत.